घटकाभर पाठ टेकावी म्हणून

गेल्या वैशाखात माझी मुलगी तिच्या पावणेदोन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरपणाला आली होती. दुपारची वेळ होती. जेवणे आटोपली होती. नात ओसरीवर वाटी-चमच्याशी खेळत बसली होती, कोणाकडे ढुंकूनही पाहत नव्हती. मुलगी दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, ही खेळते आहे. मी जरा पाठ टेकू का गं?"

"टेक की. विचारायचे काय त्यात?" मी म्हटले. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. शाळेतले मूल करंगळी वर करून बाहेर जायची परवानगी मागते, तसा तिचा स्वर होता. घर माहेरचे, मूल तिचे, पाठही तिचीच. मग ती परवानगी मागत होती कोणाची? माझी खासच नव्हे. माझ्या मागे कोणी तरी उभे होते आणि ती त्याला विचारत होती. ते कोण, हे शोधावे म्हणून हा लेख लिहायला बसले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मावळातल्या एका खेड्यात बालवाडीची मुले सांभाळावी आणि रात्री कादंबरीची पाने खरडावी, हा माझा संसार. इतिहास लिहिणे हे पंडितांचे काम. पण राजांच्या आणि लढायांच्या इतिहासात ज्याला जागा मिळाली नाही असाही एक इतिहास असतो, आणि तो माझ्यासारखीने चाचपडत का होईना सांगायला हरकत नसावी. आई घटकाभर पडते आणि मूल एकटे खेळते, त्या घटकेचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे या गोष्टीचा प्रारंभ देवादिकांपासूनच करावा लागतो. यशोदेने कृष्णाला उखळाला बांधले ही कथा आपण खोडीची शिक्षा म्हणून ऐकतो. कीर्तनकार तिच्यातून भक्तीचा दोर काढतात, तेही योग्यच. पण मी जेव्हा जेव्हा ती कथा ऐकते तेव्हा माझ्यासमोर दह्यादुधाच्या रगाड्यात बुडालेली एक बाई उभी राहते. हाताशी काम आहे, पोर पायांत घोटाळते आहे, आणि घरात जड वस्तू म्हणून एक उखळ आहे! आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आजही सांगतात की रांगत्या पोराच्या पायाला लुगड्याची पट्टी बांधून तिचे दुसरे टोक बाजेच्या खुराला बांधीत, आणि मग पाण्याला जात. त्यांना कोणी निर्दय म्हटले नाही. विहिरीपेक्षा पट्टी बरी, एवढाच त्यांचा हिशेब होता.

दुसरी आपली हिरकणी. रायगडावर दूध घालायला गेलेली ती गवळण, दरवाजे बंद झाले म्हणून अंधारात कडा उतरून घरी तान्ह्याकडे गेली, अशी आख्यायिका आहे. त्या बुरुजाला तिचे नाव आहे, आणि अलीकडे एस.टी.च्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे कक्ष झाले त्यांनाही तिचेच नाव दिले आहे. ते चांगलेच झाले. परंतु या कथेत एक गंमत आहे. हिरकणी मूल एकटे टाकून गेली होती, याबद्दल कोणी तिला बोल लावीत नाही. कारण ती कामाला गेली होती. समजा, ती दमून वाटेत झाडाखाली निजली असती आणि म्हणून दरवाजे लागले असते, तर बुरुजाला तिचे नाव मिळाले असते काय? कामासाठी मूल सोडणारी आई आपल्या कथांत सापडते. विसाव्यासाठी सोडणारी मला तरी कोठे भेटली नाही.

आता मावळाकडे येऊ. हा मुलूख भाताचा. मृग बरसला की खाचरे भरतात, आणि आवणीच्या दिवसांत घरातले एकही माणूस रिकामे राहत नाही. बाई वाकलेली, पाठीवर इरले, पाय चिखलात. पोर बांधावर दुसऱ्या इरल्याखाली, नाही तर झाडाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत. त्यातच मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले पुरुष पोट भरायला मुंबईत जात. 1890 च्या सुमारास मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्याचा जो व्यवसाय उभा राहिला, तो मुख्यत्वे याच तालुक्यांतील माणसांनी चालवला. मुंबईतल्या साहेबाचा आणि कारकुनाचा डबा वेळेवर पोचत होता, आणि इकडे त्या डबेवाल्याची बायको एका हाताने बैल, दुसऱ्या हाताने पोर सांभाळीत होती. म्हणून मावळातले मूल एकटे खेळायला फार लवकर शिकले. ती कोणाची शिकवणूक नव्हती, गरज होती.

त्या बायकांनी आपले मन जात्यापाशी मोकळे केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांत काम करताना त्यांच्या ओव्या उतरून घ्यायला प्रारंभ केला, आणि पुढे महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमा झाल्या. पहाटेच्या दळणाचा विचार करताना मला नेहमी वाटते की, तो वेळ बाईने कोठून काढला? झोपेतून. मांडीवर पोर, हातात खुंटा, आणि गळ्यात गाणे. आपण त्या गाण्याचे कौतुक करतो. ज्या झोपेच्या मोबदल्यात ते गाणे आले, तिची आठवण मात्र कोणी ठेवत नाही.

आमच्या मुलखात एक मोठे प्रकरण घडले ते बोरघाटाच्या रेल्वेचे. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग 14 जून 1858 रोजी सुरू झाला, पण खाली उतरणारा घाट अजून तयार व्हायचा होता. ते काम 1856 च्या आरंभी सुरू झाले होते आणि 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला. पावणेसोळा मैलांच्या आत 1,831 फूट चढायचे, त्यासाठी पंचवीस बोगदे आणि बावीस पूल. 1861 साली या कामावर बेचाळीस हजार माणसे होती. पटकीच्या साथींनी त्यातली हजारो नेली. ही नुसत्या पुरुषांची फौज नव्हती. त्या काळी मातीकाम आणि दगडकाम कुटुंबेच्या कुटुंबे करीत. पुरुष खणी, बाई पाटी वाही, आणि चालते-बोलते झालेले पोरही चार खडे उचली. जे चालत नव्हते ते कोठे असेल? कड्याच्या काठाशी, पालाच्या सावलीत, सुरुंगाच्या आवाजात.

याच घाटात आणखी एका बाईची कथा आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार 1859 साली हे काम घेऊन आला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन इंजिनिअरांच्या साहाय्याने तिने ते तडीस नेले. तिचे नाव आज अभिमानाने सांगितले जाते, आणि सांगावेच. पण गाडीतून जाताना बोगद्याचा अंधार आला की मला तिच्या जोडीने ती पाटीवाली आठवते, जिचे नाव कोणत्याच कागदावर नाही.

पोर निजवून कामाला जाण्याची एक युक्ती मात्र साऱ्या देशात होती, आणि ती भयंकर होती. ती म्हणजे अफू. बाळागोळी या सोज्वळ नावाने ती विकत मिळे. मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून दिली की तान्हे चार-सहा तास हलत नसे. 1922 साली मुंबईच्या गिरणीतील स्त्रियांच्या स्थितीवर डॉ. बार्न्स या बाईंचा अहवाल प्रसिद्ध झाला. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. आणि हे पाप काळ्या बायकांचेच असे गोऱ्यांनी म्हणू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांतील इंग्रज आयाही एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे अफूचेच औषध पोरांना पाजून कामावर जात होत्या. अफूने मुले सुकत, कधी उठतच नसत. पण जी आई ती गोळी देत होती तिला निजायचे नव्हते, तिला साच्यापाशी उभे राहायचे होते. हे विसरून तिला दोष देणे सोपे आहे.

या साऱ्या शोधात 'विश्रांती' हा शब्द आईच्या संदर्भात मला सरकारी दप्तरात जेथे ठसठशीत दिसला, ती जागा सांगते. मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली प्रसूती-लाभाच्या विधेयकावर चर्चा चालली होती. त्यापूर्वी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असाच प्रयत्न केला होता, तो फसला होता. मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, आणि प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशा आशयाचे बोलले. तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हेही त्यांनी सांगितले. 1929 साली तो कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला. आईची विश्रांती ही सासूच्या मर्जीची किंवा मालकाच्या दयेची बाब नसून राष्ट्राच्या हिशेबातली बाब आहे, हे म्हणायला एका बॅरिस्टराला कायदेमंडळात उभे राहावे लागले! पण म्हटले गेले, हे थोडे नव्हे.

पुढे 1948 च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन घातले. 1976 साली ती संख्या तीसवर आणली गेली. 1969 साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि ते काम पुढे मुंबई-पुण्याकडेही आले. इमारती बांधणाऱ्या मजुरांसाठी 1996 च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद आली. कायद्यांची यादी वाचली की बरे वाटते. परंतु बारकाईने पाहिले तर पाळणाघर आईला कामासाठी मोकळे करते. घरातल्या दुपारसाठी कोणताच कायदा नाही. तेथे अजून तिला परवानगीच मागावी लागते.

आता मुलाची बाजू पाहू. आईने डोळा मिटला म्हणजे मुलावर अन्याय होतो, ही समजूत खरी आहे काय? रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आईबाप दिवसभर कामाला जात, आणि मागे राहिलेली पोरे जिन्यांवर हुंदडत, भिंती खराब करीत. इमारतींच्या मालकांना भिंतींची काळजी वाटली, म्हणून त्यांनी एका डॉक्टरीण बाईंना त्या पोरांसाठी खोली दिली. 6 जानेवारी 1907 रोजी तेथे जे बालगृह उघडले, त्यातून मारिया माँटेसोरी यांचे नाव जगभर झाले. म्हणजे बालशिक्षणाचा एवढा मोठा विचार निघाला तो मागे टाकलेल्या पोरांतूनच. आणि बाईंनी पाहिले काय? मूल एकटे एखाद्या वस्तूशी रमले असेल तेव्हा ते वेळ घालवीत नसते, काम करीत असते. अशा वेळी मोठ्या माणसाने मध्ये तोंड घालू नये. पुढे 1958 साली विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने एक निबंध लिहिला. एकटे राहण्याची शक्ती मूल आईच्या सान्निध्यातच मिळवते, असा त्याचा सिद्धान्त. आई जवळ असावी, पण तिने सारखे हात लावू नये. ओसरीवर पडलेली आई आणि अंगणात चिंचोके मांडणारे पोर, हे चित्र आमच्या खेड्यात त्याआधीपासून होतेच. त्याला सिद्धान्ताचे नाव मात्र नव्हते.

आपल्याकडे हा विचार रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांपाशी शिकल्या, आणि 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी काम आरंभले. अनुताई मूळच्या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या. वारल्यांच्या पाड्यांवर मुले शाळेकडे येत नाहीत, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असे या बायकांनी ठरवले, आणि 'अंगणवाडी' हा शब्द मराठीला मिळाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या सरकारी योजनेने तो देशभर नेला. पण मला त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट निराळीच वाटते. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांनी पाहिले. त्यांच्या कडेवर भावंडे होती. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांचा एकत्र विचार त्यांनी केला.

येथे माझी लेखणी अडखळते. कारण आई निजते किंवा कामाला जाते तेव्हा मूल एकटे असते, हे अर्धेच खरे आहे. बहुतेक घरांत त्याच्यापाशी त्याची ताई असते. आज लोणावळ्याच्या बंगल्यांत भांडी घासायला जाणाऱ्या बायकांच्या मुली माझ्या बालवाडीत आहेत. एक पाच वर्षांची पोर दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन येते. मी त्याला सतरंजीवर बसवते, तेव्हा ती आधी वळून वळून पाहते, मग हळूच ठोकळ्यांकडे जाते. तिचेही खेळायचेच वय आहे. आईचा विसावा एखाद्या ताईच्या बालपणातून कापून काढलेला असेल, तर तोही विसावा नव्हेच. एवढा हिशेब केल्यावाचून या विषयावर गोड बोलण्याचा मला अधिकार नाही.

आणि आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचूनही नाही. आज माहेरपणाला आलेली हीच माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मला दोन दिवस ताप होता. घरात दुसरे कोणी नव्हते. मी दाराला कडी घातली, तिच्यापुढे पितळी वाटी आणि चार चिंचोके ठेवले आणि घोंगडीवर पडले. तिच्या पायांत घुंगरांचे वाळे होते. आपल्या पूर्वजांनी लेकरांच्या पायांत घुंगरे घातली ती नुसती शोभेसाठी नव्हेत. डोळे मिटलेल्या आईला कानांनी पाहता यावे म्हणूनही असावीत. मी त्या आवाजाच्या आधाराने पडून होते. मग मला झोप लागली. जाग आली ती आवाज नव्हता म्हणून.

दाराची कडी तशीच होती. मागील दार मात्र मी विसरले होते. परसात पाण्याचा हौद होता. त्याच्या कठड्याला धरून ती टाचा उंचावून उभी होती आणि वाटी पाण्यात बुडवायचा प्रयत्न करीत होती. कठडा तिच्या छातीइतका होता. मी तिला उचलली तेव्हा ती हसत होती. शेजारच्या परसातून एक बाई पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "निजायचं होतं तर पोर कशाला जन्माला घातलंस?"

त्यांचा राग मला आला नाही. हौदावर फळी हवी होती, मागील दाराला कडी हवी होती, ही माझी चूकच होती, आणि ती चूक प्राणावर बेतली असती. दीड-दोन वर्षांच्या पोराला पाण्यापाशी, चुलीपाशी, विहिरीपाशी क्षणभरही एकटे सोडू नये, आणि त्याच्यापुढे चिंचोकेही ठेवू नयेत. घशात अडकायला एक पुरतो. हे मी पालकांच्या प्रत्येक सभेत सांगते, ते पुस्तकातून शिकून नव्हे. पण त्या बाईंनी हौदाविषयी काही म्हटले नाही. त्या झोपेविषयी बोलल्या. त्यांच्या लेखी माझा गुन्हा उघडे दार नव्हते, मिटलेले डोळे हा होता. तेव्हापासून कित्येक वर्षे मी दुपारी पडले नाही. दार लावून, हौदावर फळी टाकून, मूल दिसेल असे पडता आले असते, हे मला सुचलेच नाही. मी आपली झोपच शिक्षेदाखल टाकून दिली.

मुलगी पाठ टेकू का म्हणून विचारत होती, तेव्हा माझ्या मागे कोण उभे होते ते आता मला कळले. परसातली ती बाई होती. आणि त्या बाईंच्या मागे त्यांची सासू, तिच्यामागे खाचरात वाकलेली, घाटात पाटी वाहणारी, पहाटे जात्यावर बसलेली अशी एक लांब रांग होती. त्यांना कोणी कधी पडू दिले नव्हते. म्हणून दुसरीचे पडणे त्यांना सहन होत नव्हते. हा दुष्टपणा नव्हे. जे स्वतःला मिळाले नाही ते इतरांना अधर्म वाटते, एवढेच.

त्या दिवशी मुलगी माजघरात जाऊन पडली. मी मागील दाराला कडी लावली, ती लागली की नाही ते दोनदा पाहिले, आणि ओसरीवर मुलांच्या वह्या घेऊन बसले. नात वाटीवर चमचा आपटीत होती. मग तिने वाटी पालथी घातली, सरळ केली, पुन्हा पालथी घातली. मध्ये एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मी आहे एवढी खात्री करून पुन्हा आपल्या कामाला लागली. मी तिला बोलावले नाही. आत तिच्या आईचा श्वास संथ लागला होता. पाऊण तास गेला असेल. तेवढ्यात शेजारची एक सून ताक मागायला आली आणि दारातूनच म्हणाली, "ताई कुठं आहे, काकू?"

"निजली आहे," मी म्हटले.

आवाज थोडा मोठाच निघाला. परसापलीकडे ऐकू जावा एवढा.